कॉमिक्सच्या पिशव्या, पुठ्ठे आणि खोकी : आपल्या हवेत काय टिकतं, काय वाया जातं

कॉमिक्स जपायचं सामान म्हणजे तीन वस्तू. अंक घालायची पारदर्शक पिशवी, अंकामागे सरकवायचा पुठ्ठा आणि हे सगळं उभं ठेवायला खोकं. अमेरिकेत या तिन्ही गोष्टी कॉमिक्सच्याच दुकानात, ठरलेल्या मापात मिळतात. आपल्याकडे पिशवी कपड्यांच्या पॅकिंगवाल्याकडची, पुठ्ठा फ्रेमवाल्याकडचा आणि खोकं जे हाताला लागेल ते, अशी मोट बांधावी लागते. ऑनलाइन परदेशी माल मिळतो, पण वाहतूक आणि कस्टम्स धरून त्याची किंमत बघता प्रत्येक अंकाला तो लावावा का, हा प्रश्न उरतोच.

निकाल आधीच सांगून टाकू. पिशवी साधी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, तिथे पैसे वाचवा. वाचलेले पैसे पुठ्ठ्यावर घाला. आणि या दोन्हीपेक्षा जास्त लक्ष हवेतल्या ओलीकडे द्या, कारण मुंबई-कोकणात अंक मरतात ते पिशवी हलकी होती म्हणून नाही, ओल आत कोंडली म्हणून.

मुळात काय जपायचंय

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. या काळात ८०३ अंक निघाले. वेताळ, मॅण्ड्रेक, पुढे १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. (क्रमांक १२३ आणि १२४ संपामुळे निघालेच नाहीत. रद्दीवाल्याने ‘ते दोन मिळवून देतो’ म्हटलं तर हसून पुढे जा.) आतला कागद वर्तमानपत्री, मधोमध दोन लोखंडी पिना. हा कागद लाकडाचा लगदा नुसता दळून केलेला असतो. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू जोडून धरणारं द्रव्य, काढलेलं नसतं. उजेड आणि हवा लागली की लिग्निन तपकिरी होतं, कागदातलं आम्ल वाढतं, आणि आम्ल वाढलं की तंतू तुटायला लागतात. उष्णतेने हे सगळं जोरात होतं. म्हणून पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेला अंक खालच्या कपाटातल्या अंकाआधी कडकडीत होतो, दोन्ही सारख्याच पिशवीत असले तरी.

पिवळेपणा परत जात नाही. पिशवी आणि पुठ्ठा त्याचा वेग कमी करतात, एवढंच त्यांचं काम. ‘अंक नव्यासारखा राहील’ असं लिहिलेलं पाकीट दिसलं तर त्या ओळीला जाहिरातच समजा.

पिशवी

बाजारात चार प्रकारचं प्लॅस्टिक भेटतं.

पॉलिथिन मऊ असतं, आवाज करत नाही, दिसायला जरा दुधाळ. तात्पुरतं ठीक.

पॉलिप्रॉपिलीन स्वच्छ पारदर्शक आणि बोटांत कुरकुरणारं. कुर्ते आणि लग्नपत्रिका ज्या पिशव्यांतून येतात त्या याच जातीच्या, व्यापारी त्यांना बीओपीपी म्हणतात. अमेरिकन कॉमिक पिशवी सहसा २ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ५० मायक्रॉनची असते. आपल्याकडे ३० ते ५० मायक्रॉनमध्ये सहज मिळतात. ४० च्या खाली जाऊ नका. पातळ पिशवी बाजूच्या शिवणीवर उभी फाटते, आणि एकदा चीर गेली की ती तळापर्यंत जाते. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास पॅकिंगवाल्यांकडे चौकशी करा. तिथे माप सांगून माल मागता येतो, फक्त शेकड्याने घ्यावा लागतो.

मायलर म्हणजे पॉलिएस्टर. काचेसारखं स्वच्छ आणि ताठ. ई. गर्बर या अमेरिकन कंपनीच्या ‘मायलाइट्स’ पिशव्यांचं नाव या छंदात रूढ आहे. पॉलिएस्टर दशकानुदशकं तसंच राहतं, तर पॉलिप्रॉपिलीन सात-आठ वर्षांनी बदलावं असा संग्राहकांचा ठोकताळा आहे. मात्र मायलर कित्येक पट महाग पडतं, आणि त्याची कड इतकी धारदार असते की घाईने अंक घालताना कव्हरचा कोपरा तिच्यावर दुमडतो. ठेवणीतले दहा-वीस अंक असतील तर त्यांच्यापुरतं जरूर घ्या. सगळ्या संग्रहाला लावणं म्हणजे पैसे फार झाल्याचं लक्षण.

चौथं पीव्हीसी. हे घरात नकोच. वह्यांची जाड चकचकीत कव्हरं, स्टेशनरीतले मऊ फोल्डर, रेनकोटसारखा वास येणारं काहीही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं, कव्हरच्या शाईला चिकटतं, आणि पाच-सात उन्हाळ्यांनंतर पिशवी सोलताना वेताळाचा चेहरा पिशवीबरोबर निघून येतो.

दुकानदार सगळ्यालाच ‘प्लॅस्टिक’ म्हणतो, तेव्हा ओळख घरी पटवा. नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घालायचा, नाहीतर बुडबुडे चिकटून बुडणारा तुकडाही तरंगतो. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी आणि मायलर बुडतं. बुडलेला तुकडा मऊ आणि वासाचा असेल तर पीव्हीसी, ताठ आणि बिनवासाचा असेल तर पॉलिएस्टर. तरीही शंका राहिली तर तांब्याची तार ज्योतीवर लाल करा, प्लॅस्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे खिडकी उघडून करायचं आणि धूर नाकात घ्यायचा नाही.

आता गोंदाची पट्टी. बीओपीपी पिशव्यांत ती दोन ठिकाणी असू शकते, झाकणाच्या पदरावर किंवा पिशवीच्या अंगावर. पदरावरची नको. अंक बाहेर काढताना उघड्या पदरावरचा गोंद मुखपृष्ठाला धरतो आणि रंगाचा पापुद्रा उचलतो. जपलेल्या अंकांचं सगळ्यात जास्त नुकसान याच एका क्षणी होतं, सेलोटेप लावलेल्या पिशवीतही हेच. अंगावर पट्टी असलेली पिशवी मागा. ती मिळत नसेल तर पट्टी कात्रीने सरळ कापून टाका आणि उरलेला पदर नुसता पुठ्ठ्यामागे आत खोचा. खोचलेला पदर पुरतो. उलट आपल्या हवेत पिशवी थोडी श्वास घेणारी असलेलीच बरी.

मापाचा घोळ सगळ्यांचाच होतो. अमेरिकन ‘करंट’ पिशवी १७.५ बाय २६.७ सेंटीमीटर असते आणि आजच्या अमेरिकन अंकांना बरोबर बसते. आपले जुने अंक रुंदीला जास्त, उंचीला कमी, साधारण १८ बाय २४ च्या आसपास, शिवाय एकाच मालिकेत कापणी वर्षागणिक बदललेली. त्यामुळे ‘करंट’ घेतली तर कडा दाबल्या जातात. ‘गोल्डन’ मापाची, १९.४ सेंटीमीटर रुंदीची पिशवी नीट होते, वर जागा उरते ती पदरात जाते. स्थानिक पॅकिंगवाल्याकडून घेताना अंकाच्या रुंदीत ८ मिलिमीटर, उंचीत एक सेंटीमीटर मिळवा, पदर ४-५ सेंटीमीटरचा सांगा. आधी २० नग आणून बघायचे, मग शेकडा. टिनटिन आणि ॲस्टेरिक्सचे अल्बम मॅगझिन मापाच्या पिशवीतही उंचीला बसत नाहीत. त्यांना पुस्तकासारखा ताठ कणा आहे, कागद बरा आहे, पुस्तकांसारखे फळीवर उभे करा आणि सोडून द्या.

पुठ्ठा, म्हणजे खरी गुंतवणूक

पुठ्ठ्याची दोन कामं. अंक वाकू न देणं आणि कागदातलं आम्ल थोडंफार शोषून घेणं. पहिलं काम कुठलाही पुठ्ठा करतो, दुसरं मात्र मोजकेच करतात.

परदेशी नेहमीचा पुठ्ठा २४ पॉइंटचा, म्हणजे साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचा असतो, पांढऱ्या शुद्ध लगद्याचा, आणि त्याच्या एका बाजूवर कॅल्शियम कार्बोनेटचा लेप. हीच चकचकीत बाजू अंकाकडे यायला हवी. उलटा घातला तर निम्मे पैसे वाया. महागड्या प्रकारात कार्बोनेट आतपर्यंत मुरवलेलं असतं, तिथे बाजूचा प्रश्न येत नाही. ते कागदावर जास्त काळ काम करतात आणि जुन्या, आधीच पिवळ्या पडलेल्या अंकांसाठी घेण्यासारखे आहेत.

स्थानिक पर्यायात फसवणूक ठासून भरलेली. मिठाईच्या आणि शर्टाच्या खोक्यांचा ‘डुप्लेक्स’ पुठ्ठा वरून पांढराशुभ्र दिसतो, पण कोपरा फाडा, आत राखाडी दिसेल. तो राखाडी थर म्हणजे रद्दीचा लगदा, आम्लाने भरलेला. असा पुठ्ठा मागे घातला की काही वर्षांत अंकाच्या शेवटच्या पानावर पुठ्ठ्याच्या आकाराचा तपकिरी चौकोन उमटतो. पुस्तकबांधणीचा ग्रे बोर्डही तसाच. त्यापेक्षा चांगल्या फ्रेमवाल्याकडे ‘ॲसिड-फ्री माउंट बोर्ड’ मागा. एका मोठ्या शीटमधून बरेच पुठ्ठे निघतात, आणि तो परदेशी पुठ्ठ्यापेक्षा जाड असल्याने ताठपणाही भरपूर. तोटा असा की जाडीमुळे खोक्यात अंक कमी मावतात.

माल खरा का खोटा हे पीएच पेनने कळतं. पुठ्ठ्याच्या कडेला रेघ ओढायची. जांभळी राहिली तर आम्ल नाही, पिवळी पडली तर आहे. हे पेन अंकावर कधीच लावायचं नाही, रेघ जात नाही.

कापताना पुठ्ठा पिशवीपेक्षा ३ मिलिमीटर अरुंद ठेवा. त्याहून रुंद झाला की पिशवीची शिवण ताणते आणि अंक पुढच्या बाजूला फुगतो. चारही टोकं कात्रीने नाममात्र गोल करा. भरताना आधी पुठ्ठा पिशवीत, मग पिशवीचं तोंड दोन बोटांनी उघडं धरून अंक पुठ्ठ्याच्या अंगाने खाली सोडायचा. आतली हवा तळहाताने वरच्या दिशेने काढायची. दाबायचं नाही, पिनांच्या जागी कव्हरला खळगा पडतो.

ओल

इथेच परदेशी सल्ला आपल्याला पुरत नाही. तिकडचे लोक हवाबंद ठेवा म्हणतात, कारण त्यांच्या घरातली हवा तापवलेली आणि कोरडी. जुलैतल्या रत्नागिरीत किंवा दादरमध्ये अंक पिशवीत घालून हवाबंद केला तर त्याच्याबरोबर जुलैची हवाही बंद होते. कागदाभोवतीची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. आधी बारीक तपकिरी ठिपके, मग करडी लव, आणि पिनांभोवती गंजाचा केशरी डाग.

म्हणून पिशव्या भरायचं काम पावसाळ्यात काढू नका. किनारपट्टीवर जानेवारी-फेब्रुवारी, देशावर मार्चपर्यंत. ऑगस्टमध्ये रद्दीत एखादा दुर्मीळ अंक सापडलाच, तर तो दोन टीपकागदांमध्ये ठेवून एसी असलेल्या खोलीत दोन दिवस सुकवा आणि मगच पिशवीत घाला. उन्हात वाळवणं चुकीचं. लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा मागे राहतो, म्हणून दुकानाच्या काचेत लटकलेले अंक निळसर दिसतात.

डिजिटल आर्द्रतामापक स्वस्त असतात आणि बऱ्यापैकी खोटंही बोलतात. तपासणी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलसर रेतीसारखं होईल इतकंच पाणी घाला, मापकाबरोबर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. ८० दाखवत असेल तर तो मापक पाच जास्त दाखवतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा आणि वापरा. खोक्यातला आकडा ४० ते ५५ च्या दरम्यान राहिला की झालं. तीसच्या खाली नेऊ नका, जुना कागद आणखी ठिसूळ होतो.

सिलिका जेल बंद खोक्यातच काम करतं. उघड्या कपाटात पुड्या टाकणं म्हणजे समुद्र उपसणं. नीट बंद होणाऱ्या २५-३० लिटरच्या डब्याला पाव किलो जेल, कापडी पिशवीत, अंकांना न चिकटता. केशरी रंगाचं घ्या, ते ओल प्यायलं की हिरवं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं संयुग असतं, घरात मुलं असतील तर टाळाच. हिरवं झालेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा केशरी. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा करावं लागतं, आणि तिसऱ्या वर्षी लोक कंटाळतात. तुम्ही कंटाळणार असाल तर हवाबंद डबा घेऊच नका. त्यापेक्षा साधं खोकं लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब, जमिनीपासून वीतभर वर.

डांबरगोळ्या अंकांच्या डब्यात नकोत. वास पिशवीतून आत शिरतो आणि निघत नाही, आणि ती वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. कसर लागल्याची शंका असेल तर अंक पिशवीसकट जाड पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस ते पॉलिथिन उघडायचं नाही. लगेच उघडलं तर थंड कागदावर दव धरतं आणि कसरीतून सुटलेला अंक पाण्यात सापडतो. वाळवीला हा उपाय नाही. ती भिंतीतून येते, तिचं औषध भिंतीला.

खोकी

अमेरिकन ‘शॉर्ट बॉक्स’ साधारण ४० सेंटीमीटर लांब, त्यात पुठ्ठ्यासकट दीडशे अंक उभे राहतात. भरलं की वजन बारा किलोच्या आसपास. ‘लाँग बॉक्स’ त्याच्या पावणेदोन पट लांब आणि एकट्याने माळ्यावर चढवण्याच्या लायकीचा नाही. नळीदार पुठ्ठ्याचं खोकं इथे शिवून घेता येतं. पाच थरांचं सांगा, तीन थरांचं पहिल्याच पावसाळ्यात तळाशी बसतं. आतली रुंदी पिशवीपेक्षा एक सेंटीमीटर जास्त ठेवायला सांगा. तपकिरी पुठ्ठ्यात आम्ल असतंच, पण अंक पिशवीत असतात आणि मागे चांगला पुठ्ठा असतो, त्यामुळे चिंता नाही. झाकणाचं पॉलिप्रॉपिलीनचं प्लॅस्टिक खोकं ओल आणि झुरळं दोन्हींपासून जास्त वाचवतं, मात्र वर सांगितलेला जेलचा पहारा त्याला हवा.

निम्मं भरलेलं खोकं हा सगळ्यात दुर्लक्षित शत्रू. अंक तिरपे कलतात, कणा कमानीसारखा वाकतो आणि वर्षभराने तो आकार कायमचा होतो. उरलेल्या जागेत रिकामे पुठ्ठे किंवा गुंडाळलेला पांढरा कागद ठासा. भरलेल्या खोक्यातही तीन-चार बोटं जागा सोडायची, नाहीतर मधला अंक ओढताना शेजाऱ्याचं कव्हर येतं.

ज्याला शून्य गुण

मुखपृष्ठाचं गरम लॅमिनेशन. वाचनालयांनी वर्षानुवर्षं केलं, त्यांचं कारण वेगळं होतं, अंक शंभर हातांतून जायचा. घरी त्याचा उपयोग नाही आणि ते परत काढता येत नाही. सेलोटेप त्याच पंगतीतली. गोंद दोन-तीन वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि टेप गळून पडली तरी डाग राहतो. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीचा पातळ हात लावायचा. वीस-पंचवीस अंक एकत्र बांधून घेणंही टाळा. बाइंडर तीन बाजू कापून सरळ करतो आणि त्यात चित्रांच्या चौकटी, पानांचे आकडे जातात. बाजारात असे गठ्ठे स्वस्त मिळतात ते यासाठीच. वाचायला घ्यायचे, सुट्या संग्रहासाठी नाही.

सीजीसीसारख्या संस्थेकडून प्रत तपासून कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून घेण्याचं लोण इकडेही आलंय. ०.५ पासून १० पर्यंत श्रेणी मिळते, अंक मात्र परत वाचता येत नाही. अमेरिकन महाग अंक विकायचा असेल तर त्याला अर्थ आहे. मराठी इंद्रजालला जाण्या-येण्याच्या खर्चातच तीन चांगल्या प्रती येतील.

मूळ चित्रांबद्दल थोडं

कॉमिक्सबरोबर ज्यांच्याकडे व्यंगचित्रांची मूळ पानं आहेत, त्यांना हेच सामान जसंच्या तसं चालत नाही. शाईचं काम मायलरमध्ये छान राहतं. पेन्सिल, कोळसा किंवा खडू असलेलं पान मात्र मायलरमध्ये घालू नका. त्यात स्थिर वीज साठते आणि पेन्सिलीची पूड उचलून प्लॅस्टिकला लागते. शाईच्या कामावर चुका झाकायला पांढऱ्या रंगाचे पोचारे असतात, ते जुने झाले की पापुद्र्यासारखे सुटतात, म्हणून अशी पानं पिशवीत सरकवायची नाहीत. बिनआम्ली कागदाच्या दुहेरी पाकिटात वरून ठेवायची, आडवी, आणि त्यावर वजन शून्य. मार्करने रंगवलेली पानं भिंतीवर लावायची इच्छा झाली तर रंगीत प्रत काढून ती लावा, मार्करचा रंग खिडकीसमोर काही महिन्यांतच फिका पडतो.